फातिमाबाई इस्माईल

स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला फातिमा इस्माईल यांची आठवण झाली. माझ्या लहानपणी आमच्या आळीत पोलिओने पाय लुळा पडलेला एक मुलगा होता. त्याची आई त्याला पाठुंगळीस घेऊन शाळेत पोचवी. नशिबाचे भोग, यापलीकडे कोणी काही बोलत नसे. फातिमाबाईंनी मात्र आपल्या मुलीच्या बाबतीत असे मानले नाही.

त्यांचा जन्म १९०३ सालचा. गांधीजींचे सहकारी व मुंबईचे गिरणीमालक उमर सोबानी हे त्यांचे बंधू. बाई स्वतःही राष्ट्रकार्यात व स्त्रियांच्या शिक्षणकार्यात होत्या. १९४५ च्या सुमारास त्यांच्या लहानग्या मुलीस पोलिओ झाला. हा रोग मज्जारज्जूतील पेशी मारतो. त्यामुळे स्नायू वाळतात व सांधे आखडतात. परंतु वाचलेल्या स्नायूंना नित्य व्यायाम दिल्यास त्यांत बळ येते. बाई मुलीला घेऊन मद्रासला डॉ. किणी या अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेल्या. पुढे पुण्यास लष्करी रुग्णालयात जखमी जवानांना जे व्यायामोपचार देत, तेही त्यांनी मुलीसाठी मिळविले.

मुलगी सुधारू लागली, पण बाईंना इतरांची मुले दिसू लागली. १९४७ साली त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र काढले. नामवंत शस्त्रवैद्य डॉ. बाळिगा यांनी त्यासाठी आपली जागा दिली. त्यातूनच पुढे हाजी अलीचे मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले.

येथे एक अडचण होती. बाटलीतले औषध एकदा दिले की झाले, तसे हे काम नाही. एकेका मुलाचा पाय महिनोन् महिने रोज हाती घ्यावा लागतो, आणि असे शिकलेले हात देशात फार थोडे होते. १९५२-५३ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे विद्यालय निघाले. देशातील असे ते पहिलेच होय. तेथून शिकून निघालेल्यांनी पुढे इतरांना शिकविले. बाईंना १९५८ साली पद्मश्री मिळाली. १९७८ ते १९८४ त्या राज्यसभेवर नियुक्त सभासद होत्या. १९८७ साली त्या वारल्या.

२०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. तरी अर्धांगवायू, अपघात व गुडघेदुखी यांसाठी ही विद्या हवीच आहे. आज आपल्या जिल्ह्यात विळद घाटात व लोणीस तिची महाविद्यालये आहेत, आणि त्यांसाठी आपल्या मुलींना मुंबई गाठावी लागत नाही.

भगिनींनो, घरातल्या सासूबाईंना वा मामंजींना व्यायाम सांगितला असेल, तर दोन दिवसांनी कंटाळून तो सोडू नका. रोज पाव तास त्यांच्याजवळ बसा. फातिमाबाईंनी मुलीसाठी आरंभी केले ते एवढेच होते.