न्यायमूर्तींच्या लेकी

पवित्र कुरआनचे अवतरण रमजान महिन्यात सुरू झाले आणि त्यातील पहिली आज्ञा वाचण्याची होती. ही आज्ञा लेकींनाही आहे, असे मानून तसे वागणाऱ्यांत न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांचे नाव आदराने घ्यावे लागते.

१० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांनी त्यांना शिकायला विलायतेला पाठवले. १८६७ मध्ये ते परतले, ते मुंबईचे पहिले भारतीय बॅरिस्टर होऊन. कोर्ट-कचेऱ्यांचा कारभार इंग्रजीत चालत होता. जो समाज शिकणार नाही, तो रोजीरोटीतही मागे पडेल, हे त्यांनी ओळखले. १८७४ मध्ये थोरले बंधू कमरुद्दीन व सहकाऱ्यांसह त्यांनी अंजुमन-ए-इस्लाम ही शिक्षणसंस्था उभी केली.

१८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. हा मान मिळालेले ते पहिले मुस्लिम. १८९५ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन दिला तो त्यांनीच.

पण माणसाची खरी परीक्षा घरात होते. त्या काळी प्रतिष्ठित घरांतल्या मुली पडद्याआड वाढत. तय्यबजींनी आपल्या लेकींना शाळेत घातले, पुढे शिकायला इंग्लंडलाही पाठवले. १९०३ मध्ये मुंबईत भरलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी पडद्याच्या अतिरेकाविरुद्ध बोलण्याचे धाडस केले. आधी घरात केले, मग सभेत सांगितले. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. अंजुमनने पुढे मुलींसाठीही शाळा काढल्या.

तेव्हा आष्टी निजामाच्या राज्यात होती, मुंबईपासून फार लांब. तो प्रश्न मात्र आजही इथे दारात उभा आहे. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन ऊसतोडीचे कोयते निघतात, तेव्हा धाकट्या भावंडांना सांभाळायला अनेकदा मुलगीच शाळेतून उठते. पुढे तिचेही लग्न लवकर होते, तिच्याही हाती कोयता येतो आणि घराची उचल काही फिटत नाही. तीच मुलगी शिकली, नर्स झाली, शिक्षिका झाली, दुकानाचा हिशेब पाहू लागली, तर घरात दुसरी कमाई येते आणि तिची मुले शाळेत टिकतात. देशाची संपत्ती अशीच घराघरांतून वाढते.

शब-ए-कद्रच्या दुआत लेकीच्या दप्तरालाही जागा असावी, आणि ईदनंतर ते दप्तर खुंटीला टांगले जाऊ नये.