चरणजित सिंग
चरणजित सिंग (निधन: ५ जुलै २०१५, मुंबई) हे हिंदी चित्रपटसंगीतातील वादक आणि सिंथेसायझरवादक होते. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' या ध्वनिमुद्रिकेमुळे ते ओळखले जातात.

कारकीर्द
सिंग यांनी शंकर-जयकिशन, राहुल देव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल आदी संगीतकारांकडे बास गिटार, ट्रान्सिकॉर्ड व इतर विजेची वाद्ये वाजवली. त्या काळच्या श्रेयनामावलीत वादकांची नावे सहसा नसत. त्यामुळे त्यांचे बरेचसे काम निनावी राहिले. लग्नसमारंभांत त्यांचा स्वतःचा वाद्यवृंदही वाजत असे.

दहा रागांची ध्वनिमुद्रिका
या मुद्रिकेत भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस व बैरागी हे राग आहेत. रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे बासयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर ही तीन वाद्ये त्यांनी वापरली. तबल्याची जागा डिस्कोच्या ठेक्याने घेतली.

अशी यंत्रे एकत्र वाजवण्यात खरी अडचण लयीची असते. दोन यंत्रांची गती हाताने कितीही जुळवली, तरी काही आवर्तनांत ती एकमेकांपासून सरकतात. तबलजी गायकाकडे पाहून लय सावरतो. यंत्राला ते शक्य नाही. म्हणून एक यंत्र प्रमुख ठरवून त्याच्या घड्याळाचे स्पंद तारेने दुसऱ्याला दिले जातात. रोलँडच्या पद्धतीत पाच टाचण्यांच्या जोडणीतून एका मात्रेला २४ स्पंद जातात आणि सुरू-बंद करण्याचा संकेत वेगळ्या तारेवर असतो. मात्रेचा चौथा भाग म्हणजे ६ स्पंद. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत सेकंदाला ४८ स्पंद होतात. प्रमुख यंत्राची लय वाढवली की दुसऱ्याचीही आपोआप वाढते. कंपन्यांमधील सामायिक मिडी पद्धत १९८३ साली आली. तोपर्यंत निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे जुळवणे कटकटीचे होते.

टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. ती मींडेची जागा पूर्णपणे घेत नाही, पण रागाच्या चलनाला बऱ्यापैकी मानवते.

पुनर्शोध व वाद
मुद्रिकेची विक्री अल्प झाली. डच संग्राहक एदो बाउमन यांनी २०१० साली ती 'बॉम्बे कनेक्शन'तर्फे पुन्हा प्रकाशित केली, तेव्हा काही श्रोत्यांना तो आधुनिक बनाव वाटला. शिकागोतील फ्यूचर या गटाचे 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' १९८७ साली आले, त्यामुळे सिंग यांना 'अ‍ॅसिड हाउस'चे जनक म्हणण्याची प्रथा पडली. कालक्रम बरोबर असला तरी ही उपाधी अतिशयोक्त आहे. शिकागोच्या वादकांपर्यंत ही मुद्रिका पोहोचल्याचा पुरावा नाही. एकाच यंत्रापासून दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सारखा नाद निघाला, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

पुनर्प्रकाशनानंतर सिंग यांनी युरोपात कार्यक्रम केले. मुंबईत वयाच्या ७४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.