आधी वाट, मग वस्ती : नामदार नाना शंकरशेट

मुंबईच्या लोकलगाडीने रोज लाखो माणसे कामावर जातात. त्यांतल्या कितीजणांना नाना शंकरशेट आठवत असतील, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. घर श्रीमंत व्यापाऱ्याचे. वडिलांच्या मागे तरुणपणीच सारा कारभार अंगावर आला. पण धन तिजोरीत कोंडून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. लोकांचा रोष पत्करून त्यांनी मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली. सोनापूरची स्मशानभूमी दूर शिवडीला हलविण्याचे घाटत होते, तेव्हा त्यांनी ते होऊ दिले नाही. खांद्यावरून तिरडी नेणाऱ्या गरिबाला ते अंतर किती पडेल, हे या धनवंताला कळत होते, असे मला वाटते.

इंग्लंडातील आगगाडी मुंबईत यावी म्हणून 1845 साली त्यांनी जमशेटजी जिजीभॉय आदींसह खटपट सुरू केली. पुढे ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे संचालक झाले. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी धावली आणि 1854 मध्ये रूळ कल्याणपर्यंत गेले.

कंपनीचे लक्ष कापसाच्या व्यापारावर होते. उपनगरांचा आराखडा कोणी काढला नव्हता. तरीही दादर, कुर्ला, घाटकोपर ही खेडी स्टेशनाभोवती वाढली. बाजार, शाळा, दवाखाना, खानावळ सारे चालत जाण्याच्या अंतरावर आले. ज्याच्यापाशी वाहन नाही, त्यालाही नोकरी गाठता आली. मात्र वस्तीची आखणी आधी न झाल्याने दाटी आणि गैरसोयही वाट्याला आली.

31 जुलै 1865 रोजी नाना निवर्तले. 1867 साली रेल्वे नागपुरास पोचली, ती पाहण्यास ते नव्हते. त्याच नागपुरात 2019 साली मेट्रो सुरू झाली. तिच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना 500 मीटरच्या पट्ट्यात अधिक उंच बांधकामास मुभा देणारे नियम झाले आहेत. मुंबईत जे आपोआप घडले, ते येथे ठरवून घडवायचे आहे.

नागपूर वाढता वाढता आपल्याकडेही सरकणार. भंडाऱ्याचे स्टेशन शहराबाहेर वरठीला आहे. आमच्या जवाहरनगरात आयुध निर्माणीची वसाहत आखीव आहे. पण महामार्गावर घरे एकामागून एक लांबत गेली, तर एसटीची वाट पाहणाऱ्या मुलीला कॉलेज दूरच राहील. स्टेशन आणि बसथांबे यांच्याभोवती घरे, दुकाने, शाळा एकत्र आली, तर तिचा वेळ वाचेल आणि शेतजमीनही.

नानांचे चरित्र वाचताना मला हेच शिकण्यासारखे वाटते. वाट आधी हवी, आणि तिच्या कडेची वस्ती आखण्याचे काम आपल्या पिढीचे आहे.