शिरढोणचा वाडा आणि वासुदेव बळवंत

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले, पळस्पे फाटा मागे पडला, की थोड्याच वेळात शिरढोण हे गाव लागते. पुढे कर्नाळ्याचा डोंगर आणि त्यावरचा अंगठ्यासारखा सुळका. या रस्त्याने रोज हजारो माणसे जातात. कोणी गावी गणपतीला जातो, कोणी अभयारण्यात पक्षी पाहायला जातो. शिरढोणात वळणारे त्यात फार थोडे. वास्तविक आपल्या उरण-पनवेल भागातील प्रत्येकाने निदान एकदा तरी वळून पाहावे असे एक घर त्या गावात आहे. आद्य क्रांतिकारक म्हणून ज्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो त्या वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म याच गावी, दिनांक ४ नोव्हेंबर १८४५ रोजी, फडक्यांच्या वाड्यात झाला. त्या वेळी पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यात मोडत असे; पुढे तो कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आला.

हा वाडा कित्येक वर्षे ओस पडला होता. कोकणातले घर ओस पडते म्हणजे काय होते, हे येथील ग्रामस्थांना सांगण्याची गरज नाही. वैशाखात शाकारणी झाली नाही की पहिल्याच पावसात कौले सरकतात. पाणी भिंतीत मुरते, वाशांना वाळवी लागते, आणि दोनचार पावसाळ्यांत भिंतीच्या फटीतून पिंपळ डोके काढतो. चूल पेटायची थांबली, देवापुढे दिवा लागायचा थांबला, की घर स्वतःच्या पायावर फार दिवस उभे राहत नाही. देवळाचेही तसेच आहे, म्हणून तर जीर्णोद्धार करावे लागतात. परंतु देवळामागे सारा गाव उभा राहतो. घरामागे घरच्याच माणसांनी उभे राहावे लागते. शिरढोणच्या या घरचा कर्ता मुलगा मात्र घर सोडून गेला तो परत आलाच नाही. त्याला परत येऊ दिले गेले नाही, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

फडके घराणे या मुलखात मानाचे. वासुदेवरावांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ साली पेशवाई बुडत असताना कर्नल प्रॉथर याच्या फौजेने कर्नाळा घेतला आणि किल्लेदारी संपली. नातू जन्मला तेव्हा या गोष्टीला सत्तावीस वर्षे झाली होती. वाड्याच्या अंगणातून डोंगर दिसत होता, पण त्यावर निशाण दुसऱ्याचे होते. ज्या आजोबांनी किल्ला राखला त्यांच्याच मांडीवर हा मुलगा वाढला. लहानपणी अभ्यासापेक्षा घोडा, कुस्ती आणि रानातली भटकंती यांकडे त्याचा ओढा जास्त. तरीही शिरढोण, कल्याण, मुंबई, पुणे असे करत शिक्षण झाले आणि इंग्रजीही आले. त्या काळी इंग्रजी येणाऱ्या मुलाला नोकरी दुर्मिळ नव्हती.

वासुदेवरावांनी आधी रेल्वेत व नंतर ग्रँट मेडिकल कॉलेजात कारकुनी केली. पुढे ते लष्कराच्या हिशेबी खात्यात लागले आणि १८६५ साली त्यांची पुण्यास बदली झाली. सुमारे पंधरा वर्षे हा माणूस सरकारी टेबलाशी बसून हिशेब तपासत होता, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बंडखोर म्हटला की डोळ्यांपुढे घोडा आणि तलवार येते. परंतु बंडाची ठिणगी पडली ती एका रजेच्या अर्जावर.

झाले ते असे. शिरढोणास आई आजारी असल्याचे कळले. वासुदेवरावांनी रजा मागितली. साहेबाने अर्ज लवकर निकाली काढला नाही. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जात राहिला आणि इकडे आईचा आजार वाढत गेला. शेवटी ते रजेची वाट न पाहता निघाले. तेव्हाचा प्रवास म्हणजे बोरघाट उतरून खाली यायचे. ते वाड्याच्या दारात पोचले तेव्हा आई गेलेली होती. ज्या माजघरात तिने वाढवले तेथे तिची शेवटची भेटही झाली नाही. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धासाठी त्यांनी पुन्हा रजा मागितली आणि तीही नाकारण्यात आली. त्यांनी वरिष्ठांविरुद्ध लेखी तक्रार केली, परंतु त्याचा उपयोग झाला नाही. नोकरी करणाऱ्या कोणाही माणसाला यातले दुःख समजावून सांगावे लागणार नाही. एरवी असे दुःख माणूस गिळतो आणि दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर सही करतो. वासुदेवरावांनीही पुढे काही वर्षे सही केली. पण घरच्या देव्हाऱ्यापुढे जे घडायला हवे तेही परक्या साहेबाच्या मर्जीवर अवलंबून आहे, हे त्यांच्या मनात कायमचे रुतले.

पुण्यात ते सदाशिव पेठेत नरसोबाच्या देवळाजवळ राहत. दत्तावर त्यांची अढळ श्रद्धा होती आणि पूजाअर्चा नेमाने चाले. न्यायमूर्ती रानडे व सार्वजनिक काका यांची व्याख्याने ऐकून त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले. वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्या बरोबरीने त्यांनी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही शाळा काढली. तीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून नावारूपास आली. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत त्यांनी दांडपट्टा आणि हत्यारे चालवण्याचे शिक्षण घेतले. पहिली पत्नी सईबाई वारल्यावर त्यांचा गोपिकाबाईंशी विवाह झाला. या पत्नीला त्यांनी लिहायवाचायला शिकवले आणि घोड्यावर बसायलाही शिकवले. बायकांनी पुस्तक हाती धरणे हेच जेथे धाडस होते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

मग १८७६-७७ चा दुष्काळ आला. देशावर पाऊस गेला, गुरे मेली, माणसे खडी फोडायला सरकारी कामांवर गेली. तेथे कष्टकऱ्याच्या मजुरीत धान्य किती धरावे, तर दिवसाला एक पौंड, असा हिशेब सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने बसवला. हाच टेंपल १८७७ साली मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला. वासुदेवरावांनी गावोगाव फिरून ही उपासमार डोळ्यांनी पाहिली. हिशेबी खात्यातला माणूस तो. सरकारचा पैसा कोठून येतो आणि कोठे जातो हे त्याला कागदावर दिसतच होते.

सुशिक्षित मंडळी सोबत येतील अशी त्यांची आशा होती, पण ती फोल ठरली. सोबत आले ते रामोशी, कोळी, धनगर. ज्यांची वतने गेली, राखणदारी गेली, असे लोक. गोपिकाबाईंना माहेरी पोचवून फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी पुण्याजवळ लोणीच्या बाजूला आपल्या माणसांसह बंडाचे निशाण उभारले आणि त्याच महिन्यात धामारी गावावर पहिला छापा घातला. सावकारांचा पैसा घ्यायचा, त्यातून फौज उभी करायची, तारा तोडायच्या, खजिने लुटायचे आणि इंग्रजांचे राज्य खिळखिळे करायचे, असा बेत होता.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. छाप्यात ज्यांची घरे लुटली गेली ती घरेही आपल्याच लोकांची होती. १८७९ च्या मे महिन्यात दौलतराव नाईक यांच्या टोळीने घाट उतरून पळस्पे आणि चिखली येथे दरोडे घातले. म्हणजे ही आग शिरढोणच्या वेशीपर्यंत आली. थोड्याच दिवसांत मेजर डॅनियलच्या फौजेशी झालेल्या चकमकीत दौलतराव मारले गेले. लुटल्या गेलेल्या घरच्यांना हा स्वातंत्र्याचा लढा वाटला असेल, असे म्हणवत नाही. खुद्द वासुदेवरावांनाही याचे शल्य होते. माणसांना स्वराज्यापेक्षा लुटीतला वाटा अधिक हवा आहे, हे त्यांनी आपल्या आत्मवृत्तात स्पष्ट लिहून ठेवले आहे. हे आत्मवृत्त त्यांनी एप्रिल १८७९ मध्ये श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या क्षेत्री लिहिले. तेथे ते देवापुढे देह ठेवण्याच्याच निश्चयाने गेले होते. पण देह ठेवला नाही. ते पुन्हा उठले आणि निजामाच्या मुलखात रोहिल्यांची नवी फौज जमवण्याच्या खटपटीला लागले.

मधल्या काळात त्यांच्या जाहीरनाम्याने मुंबई सरकार हादरले. गरिबांना काम द्या, कर कमी करा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार उतरवा, अशा त्यातल्या मागण्या होत्या. लंडनच्या वर्तमानपत्रांतूनही या बंडाची चर्चा झाली. त्यातच १३ मे १८७९ रोजी पुण्याचा बुधवार वाडा जळाला, विश्रामबाग वाड्यालाही आग लागली आणि संशय साहजिकच फडक्यांच्या माणसांवर गेला. पुढे तपासात निघाले ते निराळेच. पुस्तकांच्या सरकारी डेपोतील एका नोकराने आपली अफरातफर झाकण्यासाठी हे कृत्य केले होते.

दिनांक २० जुलै १८७९ च्या रात्री देवर नावदगी या गावी, सध्याच्या कर्नाटकातील विजयपूर जिल्ह्यात, एका देवळात वासुदेवराव तापाने फणफणून निजले होते. मेजर डॅनियल आणि निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना तेथेच पकडले. पुण्यात खटला चालला. वकीलपत्र सार्वजनिक काकांनी घेतले. त्या दिवसांत असे वकीलपत्र घेणे हीसुद्धा लहान गोष्ट नव्हती. जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. अंदमानला न पाठवता त्यांना एडनला पाठवण्याचे ठरले. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्याच कारभाराखाली होते.

जानेवारी १८८० मध्ये जहाजाने मुंबई बंदर सोडले. बंदरातून बाहेर पडणाऱ्या जहाजाला पूर्वेकडे आपला द्रोणागिरीचा डोंगर दिसतो, आणि त्याच्याही पलीकडे, आत, कर्नाळा आणि शिरढोण. चौतीस वर्षांचा तो बेड्यांतला माणूस जहाजात कोठे कोंडलेला होता कोण जाणे. घराच्या इतक्या जवळून त्यांचे जाणे पुन्हा झाले नाही.

एडनच्या तुरुंगात त्यांनी हार मानली नाही. एका रात्री कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते बाहेर पडले आणि वाळवंटात काही मैल पळाले. ना ओळखीचा मुलूख, ना भाषा, ना पिण्याला पाणी. ते पकडले गेले आणि पहारा अधिक कडक झाला. शरीर खंगत गेले. दिनांक १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. ज्या मुलाला आईच्या अंत्यसमयी घरी पोचता आले नाही, त्याच्या अंत्यसमयी घरचे कोणीही नव्हते.

पुढे देश स्वतंत्र झाला. मुंबईत धोबी तलावाजवळच्या चौकाला त्यांचे नाव मिळाले, १९८४ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले, २००७ साली त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट आला. शिरढोणच्या वाड्याला मात्र पुष्कळ वाट पाहावी लागली. भिंती ढासळल्या, लाकूडकाम गेले, वर्तमानपत्रांतून त्याच्या दुरवस्थेबद्दल वेळोवेळी लिहून आले, आणि मग त्याच्या डागडुजीला हात लागला.

अशा घरात शिरणाऱ्याने काय पाहावे? तलवार किंवा बंदूक शोधू नये. उंबरठा ओलांडताना जरा थांबावे. पडवीत आजोबा किल्ल्याच्या गोष्टी सांगत बसत असतील. आत माजघर, तेथे आई आजारी होती आणि पुण्याच्या वाटेकडे कान लावून होती. देवाचा कोनाडा पाहावा. मग बाहेर येऊन अंगणातून कर्नाळ्याचा सुळका पाहावा, तो अजून तसाच आहे. ४ नोव्हेंबर किंवा १७ फेब्रुवारी या दिवशी जाणे जमले तर उत्तमच. उरणहून पनवेलच्या गाडीने जावे, आणि तेथून पेणकडे जाणारी एस. टी. शिरढोणवरूनच जाते.