परीक्षानळीत उगवलेले रोप

परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचे गाव आहे. तेथे कित्येक शतकांपूर्वीची दगडी मंदिरे आहेत. अशा जुन्या इमारतीचा एखादा दगड निखळला, तर कुशल कारागीर तो उचलून पुन्हा जागेवर बसवू शकतो. पण त्याच गावाच्या माळावरची एखादी वनस्पती जगातून कायमची नाहीशी झाली तर? तिचे शेवटचे बी संपले, की कोणताही कारागीर ती पुन्हा घडवू शकत नाही.

मग बी थोडेच उरले आणि तेही मातीत रुजत नसेल, तर काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना ज्यांच्या कामाचा फार उपयोग झाला, अशा एका थोर भारतीय शास्त्रज्ञाची आज आपण ओळख करून घेऊ. त्यांचे नाव डॉ. पंचानन माहेश्वरी.

माहेश्वरी यांचा जन्म 9 नोव्हेंबर 1904 रोजी जयपूर येथे झाला. उच्च शिक्षणासाठी ते अलाहाबादला गेले. तेथे त्यांना विनफिल्ड डजन नावाचे अमेरिकन शिक्षक भेटले. आपला विद्यार्थी आपल्याही पुढे जावा, अशी या गुरूची इच्छा होती. एवढे प्रेम पाहून पंचानन भारावून गेले. या उपकारांची फेड कशी करू, असे त्यांनी गुरूंना विचारले. गुरूंनी स्वतःसाठी काहीच मागितले नाही. मी तुझ्यासाठी जे केले, ते तू तुझ्या विद्यार्थ्यांसाठी कर, एवढेच त्यांनी सांगितले. हे ऋण माहेश्वरी जन्मभर विसरले नाहीत.

1931 साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. आग्रा, ढाका अशा ठिकाणी त्यांनी अध्यापन केले. त्यांचा आवडता विषय होता वनस्पतींचे भ्रूणविज्ञान. हा शब्द अवघड वाटला ना? मग एक सोपा प्रयोग करा. हरभऱ्याचा एक दाणा रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी साल काढून त्याच्या दोन डाळी अलगद वेगळ्या करा. मध्ये एक इवलासा कोंब दिसेल. डाळींना जोडलेला तो कोंब म्हणजेच होणारे झाड! बियांमधील या बाळरोपाला डाळींसह भ्रूण म्हणतात. फुलात तो कसा तयार होतो आणि कसा वाढतो, याचा अभ्यास माहेश्वरी सूक्ष्मदर्शकाखाली करत. 1950 साली त्यांनी या विषयावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ जगभर नावाजला गेला.

1949 साली ते दिल्ली विद्यापीठात आले. तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्र विभागाला मोठे नाव मिळवून दिले. भ्रूण फुलात वाढतो हे खरे, पण तो काचेच्या नळीत वाढवता येईल का, असा प्रश्न आता त्यांच्यापुढे होता. नळीत साखर, क्षार आणि इतर पोषक द्रव्ये घालायची. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अगरने ते मिश्रण जेलीसारखे घट्ट करायचे आणि त्यावर वनस्पतीचा कोवळा भाग ठेवायचा. ऐकायला हे सोपे वाटते. पण साखर बुरशीलाही आवडते! बुरशीचा एक कण जरी आत शिरला, तरी कित्येक दिवसांची मेहनत वाया जाते. म्हणून तेथे हात, हत्यारे आणि हवा या सर्वांच्या स्वच्छतेला फार महत्त्व असते.

1962 साली मोठे यश आले. माहेश्वरी आणि त्यांचे सहकारी कुसुम कांता व रंगस्वामी यांनी अफूच्या फुलातील कोवळी बीजांडे बाहेर काढली, नळीत ठेवली आणि त्यांवर परागकण टाकले. फुलाबाहेर, काचेच्या नळीत फलन झाले आणि बी तयार झाले! जगभरच्या शास्त्रज्ञांनी या प्रयोगाची दखल घेतली. 1965 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने माहेश्वरी यांना आपले सदस्यत्व दिले.

एवढा मोठा मान मिळाला, तरी ते शाळेतील मुलांना विसरले नाहीत. उच्च माध्यमिक शाळांसाठी एन.सी.ई.आर.टी.ने काढलेली जीवशास्त्राची पहिली पाठ्यपुस्तके त्यांच्याच नेतृत्वाखाली तयार झाली. गुरूंचे ऋण त्यांनी असे फेडले. 18 मे 1966 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

दिल्लीत आणि जगातील इतर प्रयोगशाळांत वाढलेले हे शास्त्र आज दुर्मिळ वनस्पतींच्या मदतीला आले आहे. आपल्या महाराष्ट्रातच पाहा. सह्याद्रीच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची वनस्पती उगवते. तिला शिवसुमन असेही म्हणतात. तिचे लालसर फूल चांदणीसारखे दिसते. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गात आढळत नाही आणि इथेही ती थोड्याच ठिकाणी उरली आहे. तिच्या लहानशा तुकड्यापासून प्रयोगशाळेत अनेक रोपे करण्याची रीत शास्त्रज्ञांनी शोधून काढली आहे.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. एकाच तुकड्यापासून केलेली रोपे साधारणपणे एकसारखी असतात. एका रोपाला जो रोग मारतो, तो सर्वांनाच मारू शकतो. शिवाय रोपाला शेवटी राहायला माळ, कडा किंवा जंगलच हवे. प्रयोगशाळा ही दवाखान्यासारखी आहे. दवाखाना हवाच, पण कोणी तेथे कायमचे घर करत नाही.

रानटी झाडाचा काय उपयोग, असे कोणी तुम्हाला विचारले, तर त्याला भेंडीची गोष्ट सांगा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने भेंडीचा तिच्या एका रानटी जातभाईशी संकर करून ‘परभणी क्रांती’ हे वाण तयार केले. पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देणारे वाण म्हणून ते गाजले. ती रानटी वनस्पती आधीच नष्ट झाली असती, तर हे वाण कोठून आले असते?

मित्रांनो, आज घरी गेल्यावर आपल्या दादीला किंवा नानीला विचारा. त्यांच्या लहानपणी बांधावर दिसणारी कोणती झाडे आता दिसत नाहीत? त्यांची नावे वहीत लिहून ठेवा. मग रविवारी माळावर जाऊन ती शोधा. एखादे सापडले, तर ते उपटू नका. त्याची जागा लिहून ठेवा आणि आपल्या शिक्षकांना दाखवा.