पंडिता रमाबाई : प्रश्न विचारणारी श्रद्धा

या स्मरणिकेत आपण शंभर वर्षांपूर्वी या देशात आलेल्या आपल्या माणसांची आठवण करत आहोत. त्याहून थोडे मागे गेले की ऑस्ट्रेलियात आणखी एक मराठी तरुणी भेटते. तिचे नाव मनोरमाबाई. १९०३ मध्ये त्या पुण्याजवळच्या केडगावहून मिनी अब्राम्स या अमेरिकन सहकारी बाईंबरोबर इकडे आल्या. १९०२ साली मेलबर्नमध्ये टॉरी यांच्या सभांना मोठी गर्दी लोटली होती आणि त्या सभांसाठी घरोघरी प्रार्थना झाल्या होत्या. ही वार्ता केडगावला पोहोचली, तेव्हा ते सारे पाहून यावे म्हणून आईने मुलीला पाठवले.

ती आई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे समाजकार्य आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. आज आम्ही त्यांचे चरित्र एका वेगळ्या प्रश्नासाठी सांगत आहोत. जिच्या बुद्धीला साऱ्या देशाने मान दिला, त्या बाईने बुद्धीला न उलगडणारे देवाचे गूढ कसे स्वीकारले?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले होते. लक्ष्मीबाईंनी तीच विद्या मुलीला दिली. लहानपणीच रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. पुढे दुष्काळ पडला. शास्त्रात सांगितलेली व्रते आणि दाने करूनही घरात दाणा उरला नाही. आई, वडील आणि बहीण थोड्याच काळात गेली. उरलेली दोघे भावंडे पायी हिंदुस्थान फिरली. त्या फिरण्यात रमाबाईंचा जुना विश्वास ढासळत गेला.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. त्यानंतर भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, मनोरमा जन्मली, आणि १८८२ मध्ये पतीही पटकीने गेले. तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८३ मध्ये वैद्यकी शिकण्यासाठी त्या इंग्लंडला गेल्या.

वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनींकडे त्या राहिल्या. पतित म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांची त्या भगिनी मायेने सेवा करत. ते पाहून आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून रमाबाईंचे मन हलले. काशीचे शास्त्री असलेले आणि पुढे ख्रिस्ती झालेले नीळकंठ गोरे यांच्या लिखाणाने त्यांच्या बऱ्याच शंका फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

येथे चरित्र संपत नाही, खरी अडचण येथेच सुरू होते. ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यकी राहिली. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या शिकू लागल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. बाप्तिस्मा घेतला तरी त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना. देव एक आहे, मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा हिशोब कसा मांडायचा? ख्रिस्ताचे देवत्व कसे समजायचे? सिस्टर जेराल्डीन आणि मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा या विषयांवर लांबलचक पत्रव्यवहार झाला. क्रुसावर लॅटिन अक्षरे चालतात, तर संस्कृत का चालू नयेत, असाही त्यांचा सवाल होता. सिस्टर जेराल्डीन यांना यात अहंकार दिसे. रमाबाईंचे म्हणणे असे, की सदसद्विवेकबुद्धी देवानेच दिलेली आहे आणि ती कोणा माणसाच्या हाती सोपवता येत नाही.

इकडे पुण्यात त्यांना धर्म बुडवणारी म्हणत होते आणि तिकडे इंग्लंडमध्ये हट्टी. दोन्हीकडून बोलणी खाऊनही जे पटले नाही ते पटल्याचे त्यांनी कधी दाखवले नाही. आम्हाला त्यांच्या श्रद्धेचा पाया या प्रामाणिकपणातच दिसतो.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. या कामाच्या धकाधकीत, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, त्यांना एक गोष्ट उमगली. आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण ख्रिस्त आपल्याला भेटलेला नाही. इतकी वर्षे त्या सिद्धान्त तपासत होत्या. आता त्यांनी स्वतःला जशी आहे तशी ख्रिस्ताच्या हवाली केले आणि त्यांच्या मनाला शांती मिळाली. गूढ उकलले नव्हते, पण त्या गूढामागे जो आहे त्याच्यावर त्यांचा भरवसा बसला.

पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत आम्ही हे नेहमी पाहतो. पाणी तोलून धरते, हे कितीही समजावले तरी कळत नाही. एकदा काठ सोडावा लागतो.

या भरवशाची परीक्षा लगेच झाली. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सदनाशी संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. १८९६ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणल्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मनोरमाबाई इकडून परत गेल्यावर मुक्तीत प्रार्थनेची मंडळे वाढली आणि १९०५ मध्ये तेथे मोठे धर्मजागरण झाले.

श्रद्धा ठेवली म्हणून रमाबाईंनी बुद्धी गुंडाळून ठेवली नाही. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत त्यांनी मूळ भाषांतून सबंध बायबलचा तर्जुमा केला. मुक्तीच्या छापखान्यात त्याचे खिळे मुलींनीच जुळवले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. एकुलत्या मुलीचे दुःख सोसून रमाबाईंनी ते काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला.

आपल्यातली काही घरे रविवारी देवळात उपासनेला जातात, काही घरांत गणपती बसतो, आणि इथे वाढलेली मुले दोन्हीकडे प्रश्न विचारतात. त्यांना गप्प करू नये, असे आम्हाला वाटते. रमाबाईंनीही सगळे प्रश्न विचारले. काहींची उत्तरे मिळाली, काहींची मिळाली नाहीत. जी मिळाली नाहीत ती त्यांनी देवावर सोपवली आणि त्या दारातल्या भुकेल्या मुलींना वाढायला उठल्या.