रंग हुकले, माप नाही

गेल्या पावसाळ्यात कर्जतच्या घरी, पडवीत बसून, वडिलांच्या जुन्या गाडीचे इंजिन खोलले. गाडी ऑइल खात होती आणि मागून निळसर धूर सोडत होती. हेड उतरवले, बोअर पुसले, आत बॅटरी मारली. आरशासारखे गुळगुळीत! वरच्या कडेला बोटाला जराशी धार लागली, एवढेच. मग ओळखीच्या मेकॅनिककडून बोअर गेज आणले. प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात दोनदा, अशी सहा मापे घ्यायची. गेज हलकेच डुलवायचे. काटा सर्वांत कमी व्यास दाखवून जिथून मागे फिरतो, तो आकडा टिपायचा. मूळचे ६८ मिलिमीटरचे बोअर वरच्या बाजूला ०.१५ मिलिमीटरने वाढले होते आणि गोलही राहिले नव्हते. तिथे उष्णता व दाब जास्त, ऑइल कमी, शिवाय पिस्टन बाजूला रेटला जातो. डोळ्यांना जे दिसले नाही, ते काट्याने सांगितले.

आपल्या डोळ्यांची मर्यादा फार कोवळ्या वयात कळलेला एक माणूस तेव्हा आठवला: लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेची ओढ होती. वडिलांची इच्छा नसताना, थोरले बंधू रामुअण्णा यांच्या मदतीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोनेक वर्षांत लक्षात आले की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलासाठी यापेक्षा वाईट निदान कोणते?

त्यांनी रंग सोडले, पेन्सिल सोडली नाही. यंत्रांच्या आराखड्यांत रंगाचे काम नसते. रेघ, कोन आणि माप अचूक लागते. त्याच बळावर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाचित्रांचे साहाय्यक शिक्षक झाले. दरम्यान १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान सुरू झाले होते. पुढे अपेक्षित बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला परतले आणि छोटा कारखाना काढला. आधी कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. पुढे कारखान्याची जागाही सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये त्यावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. पुत्र शंतनुराव यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये पुण्यात खडकीला तेलावर चालणारी इंजिने बनवणारी कंपनी स्थापन झाली. इंजिन म्हणजे बोअर आणि पिस्टन यांच्यातला केसाहूनही बारीक हिशेब. तो पसारा पाहूनच २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले.

रंगांधळेपणा म्हणजे आंधळेपणा नव्हे. नेत्रपटलातील रंग टिपणाऱ्या शंकुपेशींपैकी एक प्रकार नसतो किंवा वेगळा चालतो, म्हणून बहुधा लाल-हिरव्याची गल्लत होते. दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून तो मुलग्यांत जास्त. तो आईकडून येतो, पण आईला स्वतःला सहसा काहीच त्रास नसतो; तेव्हा तिला बोल लावू नये. जन्मजात दोष वाढत नाही आणि त्यावर औषधही नाही. ठिपक्यांतला आकडा ओळखण्याची इशिहारा चाचणी १९१७ मध्ये आली. लक्ष्मणरावांच्या विद्यार्थिदशेत ती नव्हती. आज ती काही मिनिटांत होते.

तरीही आमच्या ओपीडीत मुले येतात ती भरतीच्या वैद्यकीय तपासणीत नापास झाल्यावर. कर्जतसारख्या रेल्वेच्या गावात इंजिन ड्रायव्हर होण्याचे स्वप्न कितीतरी मुले पाहतात, आणि सिग्नल ओळखण्याच्या कामात सवलत नसते, नसावीही. पण हे विशीत कळण्याऐवजी आठवी-नववीत कळले, तर वाट वेळेत बदलता येते. मुलाची ही चाचणी शाळेत असतानाच करून घ्या.

आणखी एक. मोठेपणी रंग फिके किंवा वेगळे दिसू लागले, तर तो जन्मजात दोष समजून बसू नका. क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉल या गोळीनेही दृष्टीच्या नसेवर परिणाम होऊ शकतो. असे वाटताच लगेच डॉक्टरांना दाखवा, मनाने औषधे मात्र बंद करू नका.

माझ्या गाडीचे बोअर आता वाढवून घेतले आहे, त्याच मापाचे मोठे पिस्टन बसवले आहेत. इशिहाराचे पान चुकलेला मुलगा समोर बसला की मी त्याला लक्ष्मणरावांची गोष्ट सांगतो आणि विचारतो, रेघ सरळ मारता येते ना?